सँडी डेनीचा 'नॉर्थ स्टार ग्रासमन' : किनाऱ्यावरच्या माणसांनी ऐकावा असा अल्बम

दर्याकाठची (हर्णै)

मंचाच्या या कोकण विभागात आपण बहुतेक वेळा भजनं, दशावतार, नमन-खेळे यांवर लिहितो. आज इंग्लंडच्या एका बाईच्या अल्बमवर लिहिते आहे, आणि मुद्दाम कोकणच्याच पानावर लिहिते आहे. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी पाण्यावर असतं, त्यांना हा अल्बम लवकर उमगेल अशी माझी खात्री आहे.

सँडी डेनी. जन्म ६ जानेवारी १९४७, लंडनच्या विम्बल्डन भागातली. शाळेनंतर काही काळ नर्सिंगचं शिक्षण, मग आर्ट कॉलेज, आणि संध्याकाळी लंडनच्या फोक क्लबांमधून गाणं. १९६८ मध्ये ती फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमध्ये आली. जुनी इंग्लिश-स्कॉटिश कथागीतं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर म्हणण्याचं जे मोठं काम या बँडनं १९६९ च्या 'लीज अँड लीफ'मध्ये केलं, त्यातला पुढचा आवाज तिचा. तो अल्बम येण्याच्या सुमारास तिनं बँड सोडला. फॉदरिंगे नावाचा स्वतःचा बँड काढला, तोही जानेवारी १९७१ मध्ये दुसरा अल्बम अर्धवट असतानाच मोडला. मग ती एकटी उरली. वय २४. तिला एकटीनं पुढे उभं राहण्याची हौस नव्हती, चार वादकांची सोबत असली की ती खुलत असे, असं तिच्याबरोबर काम केलेली माणसं सांगत आली आहेत. अशा बाईचा एकटीच्या नावानं काढलेला हा अल्बम : 'द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स', सप्टेंबर १९७१, आयलंड रेकॉर्ड्स. अकरा गाणी, त्यातली आठ तिची स्वतःची. निर्मितीत तिच्याबरोबर फेअरपोर्टचा गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन आणि ध्वनिमुद्रण करणारा जॉन वुड.

त्याच वर्षी जूनमध्ये जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेचा 'ब्लू' हा अल्बम आला होता. दुःखाची गाणी म्हटलं की जगभर 'ब्लू'चं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. जोनी सगळं सांगते. कोण सोडून गेलं, कुठल्या गावात भेटलं होतं, काय बोलणं झालं होतं. सँडी त्यातलं काही सांगत नाही. तिच्या गाण्यात कप्तान येतात, कावळे येतात, जहाजं निघतात, वारा पडतो. 'मी' असतो, पण तो 'मी' म्हणजे कोण ते ती कळू देत नाही. आणि तरीही अल्बम संपल्यावर आपल्या छातीवर काहीतरी ठेवलेलं असतं. ते काय, याचा शोध घेत मी हा अल्बम परत परत लावत आले.

पहिलंच गाणं 'लेट नोव्हेंबर'. पियानोवर सुरू होतं. शब्द स्वप्नातले वाटतात, एका चित्राचा दुसऱ्याशी लगेच मेळ लागत नाही. या गाण्याला तिला पडलेलं एक स्वप्न आणि एक खरा अपघात यांचा संदर्भ जोडला जातो. मे १९६९ मध्ये फेअरपोर्टची गाडी कार्यक्रमाहून परतताना महामार्गावर उलटली. ड्रमवादक मार्टिन लॅम्बल गेला, तो अवघा १९ वर्षांचा होता. जीनी फ्रँकलिन ही थॉम्पसनची मैत्रीणही गेली. सँडी त्या गाडीत नव्हती. गाण्यात गाडी नाही, रस्ता नाही, कुणाचं नाव नाही. त्या गाण्यात गिटार वाजवणारा थॉम्पसन मात्र त्या गाडीत होता. एवढं कळल्यावर ते गाणं मला पहिल्यासारखं ऐकता येत नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे समुद्र निवळलेला, बोटी लांब गेलेल्या. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी बोटी बाहेर होत्या आणि अनेक खलाशी परतले नाहीत. त्या दिवसांत बंदरावर माणसं तासन्‌तास उभी असायची. बोलायची ती डिझेलबद्दल, बर्फाबद्दल, दाभोळ किंवा जयगडच्या आसऱ्याला कुठली बोट लागली असेल त्याबद्दल. ज्याच्यासाठी उभी होती ते मात्र तोंडातून निघत नसे. सँडीची गाणी ऐकताना मला हे बोलणं आठवतं. ती सतत दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असते, आणि ज्याबद्दल बोलायचं आहे ते आपल्याला पुरतं कळतं.

'द सी कॅप्टन' सव्वातीन मिनिटांचंही नाही. किनारा सुटतो, वारा नेतो. चालीला पाण्याचा हेलकावा आहे, पण तो दाखवण्यासाठी वाद्यांचा कसलाही देखावा नाही. 'नेक्स्ट टाइम अराउंड' हे जॅक्सन सी. फ्रँक या अमेरिकन गायकाला उद्देशून आहे असं मानलं जातं. लहानपणी शाळेला लागलेल्या आगीत तो भाजला होता, १९६५ मध्ये इंग्लंडला आला, त्याच्या एकमेव पूर्ण अल्बमची निर्मिती गायक पॉल सायमननं केली. सँडीनं नर्सिंग सोडून गाण्यातच राहावं यामागे त्याचा आग्रह होता असं सांगतात. त्यांचं नातं फार टिकलं नाही. गाण्यात त्याचंही नाव नाही, सगळं कोड्यात घातलेलं.

आणि शीर्षकगीत. समुद्रावर निघून गेलेली माणसं आणि मागे उरलेलं पाणी. नेमकं काय झालं ते गाणं सांगत नाही, त्याला सांगायचंही नाही.

अल्बम एका बैठकीत ऐका. जमलं तर जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा. ज्यांनी ऐकला असेल त्यांनी लिहा, मला बोलायचं आहे यावर.

जैतापूर

ताई, धाग्याबद्दल आभार. हा अल्बम माझ्याकडे बरीच वर्षं आहे आणि मला तो प्रिय आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 'एका बैठकीत ऐका' हे मला पटत नाही, कारण अल्बमच एका बैठकीचा नाही.

रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला 'द सी कॅप्टन' संपतं आणि लगेच बॉब डिलनचं 'डाउन इन द फ्लड' सुरू होतं. दुसऱ्या बाजूला 'लेट्स जंप द ब्रूमस्टिक', ब्रेंडा लीचं १९५९ मधलं उडतं रॉक अँड रोल. तिचे इतके सुंदर आठ विचार एका रांगेत येत असताना मध्ये हे दोन का घातले? 'ब्लॅकवॉटरसाइड' परकं असूनही शोभतं, कारण ते पारंपरिक आयरिश गाणं आहे, फसवल्या गेलेल्या मुलीचं, आणि सँडीच्या स्वतःच्या रचना त्याच मातीतून आल्या आहेत. बाकीच्या दोघांचं तसं नाही. मी ऐकताना ती दोन वगळतो आणि नऊ गाण्यांचा अल्बम ऐकतो. तो मला निर्दोष वाटतो.

आणखी एक. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात. ती २१ एप्रिल १९७८ रोजी, पडल्यामुळे झालेल्या दुखापतीनं, ३१ व्या वर्षी गेली. मग या अल्बममधल्या प्रत्येक ओळीत लोकांना मरणाची चाहूल दिसायला लागते. तुम्ही तसं केलं नाहीत हे मला फार आवडलं. १९७१ मध्ये ती 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी सलग दुसऱ्या वर्षी निवडलेली ब्रिटनमधली सर्वोत्तम गायिका होती. त्याच वर्षी लेड झेपलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बममध्ये त्यांचा गायक रॉबर्ट प्लांटबरोबर गायली. ती भरात होती. ही भरातल्या बाईनं, पूर्ण शुद्धीत, विचारपूर्वक लिहिलेली उदास गाणी आहेत. पुढे काय होणार ते तिला माहीत नव्हतं, आणि ऐकताना आपणही ते बाजूला ठेवावं.

बाणकोट खाडी

दोघांनीही छान लिहिलंत. मला गाण्यातलं शास्त्र कळत नाही. मी मर्चंट नेव्हीत होतो, माझे वडील आणि चुलतेही बोटीवरच होते, आमच्या खाडीच्या दोन्ही काठांना घरटी एक माणूस बोटीवर ही जुनी रीत आहे. नाव वाचून अल्बम लावला, कारण नॉर्थ स्टार म्हणजे ध्रुवतारा.

ध्रुवताऱ्याबद्दल थोडं सांगतो, गाणं ऐकताना उपयोगी पडेल. ध्रुव क्षितिजापासून जितका अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला असता. मालवणला तो सुमारे १६ अंशांवर. आमच्याकडे १८ च्या आसपास. झाडंमाडं आडवी आली तर दिसतही नाही. लंडनला तोच साडेएकावन्न अंशांवर, मान वर करून बघावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरचे आणि अरबस्तानातले जुने नाखवा दोरीला बांधलेली लाकडी पट्टी डोळ्यासमोर धरून ही उंची मोजत आणि बंदर जवळ आलं की नाही ते ठरवत. आम्ही सेक्स्टंट वापरायचो, तत्त्व तेच.

आता १९७१ चं सांगतो. जून १९६७ च्या युद्धापासून जून १९७५ पर्यंत सुएझ कालवा बंद होता. मुंबईहून युरोपला जायचं तर सगळ्या आफ्रिकेला वळसा. दक्षिणेला निघालं की ध्रुव रोज रात्री थोडा खाली. विषुववृत्त ओलांडताना तो पाण्यात जातो. मग केपला वळसा घालून अटलांटिकमधून वर येईपर्यंत अनेक आठवडे तो नाहीच. आणि मग एका रात्री उत्तरेच्या क्षितिजावर धुरकट दिसतो, पहारा देणारा ज्याला पहिला दिसेल तो इतरांना हाक मारतो. मी नोकरीला लागलो तेव्हा कालवा बंदच होता, त्यामुळे हे मी पाहिलेलं आहे.

सँडीबाई हे सगळं जाणून होत्या असं मी म्हणत नाही. पण हे गाणं ऐकताना मला त्या आठवड्यांची आठवण झाली, तारा नसतानाचे आठवडे. घरच्यांना आमची खबर पत्रानं, तीही बंदर लागलं तर. माझी आई या काळात काही बोलायची नाही. काम दुप्पट करायची.

वाशिष्ठी

जैतापूरदादा, 'डाउन इन द फ्लड' वगळता येणार नाही! मी चिपळूणची आहे, तेव्हा पुराच्या गाण्याबद्दल बोलण्याचा मला हक्क आहे.

२२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. शेजारची कुटुंबंही आमच्याकडेच आली होती. त्या रात्री त्या खोलीत काय होतं म्हणाल तर भीती होतीच, पण त्याबरोबर भांडण होतं, एकमेकांना दटावणं होतं, मोठमोठ्यानं बोलणं होतं. 'खाली जाऊ नको, गेलास तर तुझं तू बघ' हे वाक्य आमच्या घरात त्या दिवशी खरोखर कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं आहे, आणि डिलनच्या गाण्याचा आशय जवळपास तोच आहे. पाणी चढत असताना माणूस उदास नसतो. तो राकट होतो. उदासी नंतर येते, चिखल काढताना.

सँडी ते गाणं तशाच राकटपणे म्हणते. 'द सी कॅप्टन'नंतर लगेच ते येतं त्यामुळे मला तर फार बरं वाटतं. पाण्याची दोन रूपं शेजारी शेजारी. एकात पाणी माणसाला हळूच घेऊन जातं, दुसऱ्यात ते दारावर धडका मारतं. समुद्राकाठचं उदास पाणी सगळ्यांना आवडतं, त्यावर कविता होतात. नदीच्या गढूळ पाण्याचंही एक गाणं अल्बममध्ये असू दे की.

'ब्रूमस्टिक'बद्दल माझा काही आग्रह नाही.

पेटीमास्तर

थोडं स्वरांबद्दल लिहितो. मी भजनी मंडळात पेटीवर असतो, पाश्चात्त्य संगीत हौसेनं ऐकतो, तेव्हा आपल्या भाषेतच सांगतो.

पहिली गोष्ट तिची स्वर लावण्याची पद्धत. बऱ्याच वेळा ती स्वरावर थेट येत नाही, खालून येते, लहानशा मींडेनं. आणि पोचल्यावर तो सरळ धरते, हलवत नाही. आजच्या गायिका लांब स्वर आला की त्याला कंप देतात. तिचा स्वर स्थिर असतो आणि अगदी शेवटी, सोडता सोडता, एक छोटी मुरकी घेते. ही मुरकी तिकडच्या जुन्या कथागीतं म्हणणाऱ्यांकडून आलेली आहे. ते लोक बहुतेक वाद्याशिवाय गात, त्यामुळे सजावट जी काही करायची ती गळ्यानंच.

दुसरी गोष्ट आवाजाचं लहान-मोठं करणं. एकाच ओळीत ती कुजबुजीपासून भरदार आवाजापर्यंत जाते आणि परत येते, आणि वर जाताना कुठेही ताण ऐकू येत नाही. हे फार कठीण आहे. आपल्याकडे मंद्रात बोलणारा आवाज तारात गेला की बहुधा पातळ होतो. तिचा होत नाही.

तिसरी गोष्ट, आणि उदासीचं मूळ मला इथे दिसतं. तिच्या चाली घरी येत नाहीत. पियानोवर ती ज्या स्वरसंगती लावते त्यांत षड्जावर विसावा अपेक्षित असतो तिथे ती एक पायरी अलीकडे थांबते किंवा दुसऱ्याच संगतीकडे वळते. ऐकणारा विसाव्याची वाट बघत राहतो. 'लेट नोव्हेंबर' या दृष्टीनं ऐका. शब्द एक अक्षर कळले नाहीत तरी ही वाट बघणं कळतं. दर्याकाठचीताई म्हणतात की ती सांगत नाही. ती चालीतसुद्धा सांगत नाही.

'नेक्स्ट टाइम अराउंड' आणि 'रेचेड विल्बर'मधला व्हायोलिन-चेलोंचा ताफा हॅरी रॉबिन्सनचा. निक ड्रेक या इंग्लिश गायकाच्या १९६९ च्या अल्बममधल्या 'रिव्हर मॅन'ची तारवाद्यं त्यांनीच लिहिली होती, आणि ध्वनिमुद्रणाला निक ड्रेककडेही जॉन वुडच. ही दोन माणसं त्या काळच्या इंग्लंडमधल्या अशा गाण्यांना किती मोठा आधार होती ते सहसा कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. 'नेक्स्ट टाइम अराउंड'मध्ये तारवाद्यं तिच्या आवाजाच्या पुढे कधीच येत नाहीत, मागून वर चढतात आणि ती थांबली की थांबतात.

आणि रिचर्ड थॉम्पसनची गिटार! तो माणूस तिच्या ओळीवर कधीच पाय देत नाही. ती श्वास घेते तेवढ्या जागेत दोन-तीन स्वर ठेवतो. साथ कशी करावी हे शिकायचं असेल तर आमच्या मंडळातल्या पोरांनी हे ऐकावं.

जात्यावरची

मी गाण्याकडून नाही, ओव्यांकडून आले. दर्याकाठची, तुम्ही जे लिहिलंत की ती सतत दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते, ते वाचल्यावर मला राहवलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर त्या लिखित आणि ध्वनिमुद्रित रूपात येत आहेत. त्यातल्या सीतेच्या ओव्या ऐका. दळणारी बाई पहाटे सीतेच्या वनवासावर ओवी म्हणते. सीतेला घराबाहेर काढलं, सीतेला रानात कुणी नाही. ती स्वतःच्या सासरबद्दल एक शब्द काढत नाही, कारण भिंतीपलीकडे सासू जागी आहे. पण जात्याच्या पलीकडे बसून खुंटा ओढणारी जी दुसरी बाई असते तिला सगळं कळतं. तिची ओवीही सीतेचीच असते.

सँडीचा कप्तान मला या सीतेसारखा वाटतो. सांगणारीला आडोसा हवा आणि ऐकणारीला इशारा. दोन्ही काम एकच पात्र करतं.

माझी आजी तळकोकणातली. आजोबा मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर यायची, माणूस गणपतीला आणि शिमग्याला. तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. पिठाची गिरणी गावात आली आणि त्या बंद झाल्या. मला तिच्या तोंडच्या दोन-चारच आठवतात, त्या सगळ्या माहेरच्या भावाबद्दल आहेत. आजोबांवर एकही नाही. मला वाटतं आजोबा त्या सगळ्यांत आहेत.

जैतापूर

जात्यावरची, तुमचं लिहिणं मनाला भिडलं. पण तुलनेला माझा एक आक्षेप आहे आणि तो नोंदवतो.

ओवी म्हणणाऱ्या बाईला बोलायची मुभा नव्हती, म्हणून सीता. सँडीवर तशी सक्ती कुणाची होती? १९७१ चं लंडन, तिच्या बरोबरीच्या कितीतरी गायिका स्वतःबद्दल उघड लिहीत होत्या, आणि तशा गाण्यांना मागणीही होती. तिनंही लिहिलं असतं तर रेकॉर्ड कंपनीला आनंदच झाला असता. तिनं आडोसा आपणहून निवडला. आजीचा आडोसा आणि तिचा आडोसा एकाच मापानं मोजले तर आजीवर अन्याय होतो असं मला वाटतं.

पेटीमास्तर, तुमची 'चाली घरी येत नाहीत' ही नोंद मी कित्येक वर्षं शोधत होतो. लगेच जाऊन 'लेट नोव्हेंबर' लावलं. अगदी तसंच आहे.

सुरंगीचो वळेसर (मालवण)

ताईनू, माका इंग्लिश गाण्यातले शब्द खूप कळनत नाय. पण काल रात्री सगळा आयकलंय. आवाज एकदम खोल आसा. ती रडना नाय, ह्या माका खूप आवाडला.

एक विचारूचा आसा. ह्या आवाडला तर फुडे तिचा काय आयकूचा?

दर्याकाठची (हर्णै)

सुरंगी, मागे एक आणि पुढे एक सांगते. मागे जायचं तर फेअरपोर्टच्या १९६९ च्या 'अनहाफब्रिकिंग'मधलं 'हू नोज व्हेअर द टाइम गोज'. हे तिनं अगदी कोवळ्या वयात लिहिलं, बँडमध्ये येण्याच्या आधीच. जुडी कॉलिन्स या अमेरिकन गायिकेनं १९६८ मध्ये ते गायलं आणि सँडीचं नाव अमेरिकेत पोचलं. किनाऱ्यावरून निघून जाणारे पक्षी आहेत त्यात. पुढे जायचं तर १९७२ चा 'सँडी'. आवाज तिथे जास्त मोकळा आहे, ध्वनिमुद्रण जास्त झळाळतं, आणि पुष्कळ लोक तोच तिचा सर्वोत्तम मानतात. मला 'ग्रासमन' जवळचा वाटतो, कारण इथे तिनं आपल्या आवाजाला अजून पुढे आणून बसवलेलं नाही, तो गाण्यांच्या आत आहे.

खाडीवाले काका, सुएझबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी शीर्षकगीत पुन्हा लावलं. माझे मामा त्याच वर्षांत बोटीवर होते. घरात त्यांचा विषय निघाला की मामी उठून जायची, आणि मला वाटायचं तिला राग येतो. तुम्ही तुमच्या आईबद्दल लिहिलंत, काम दुप्पट करायची म्हणून. मामीचंही तेच होतं. आता तिच्याशी बोलायचं आहे, ती अजून आहे, आंजर्ल्याला असते.

जैतापूरदादा, सक्तीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि तो फरक मोठा आहे. आजीला पर्याय नव्हता, हे विसरून चालणार नाही. पण आपणहून निवडलेल्या आडोशाचीही किंमत असते असं मला वाटतं. सगळे उघड बोलत असताना, आणि उघड बोलण्यालाच खरेपणा समजलं जात असताना, हिनं समुद्राच्या आणि जहाजांच्या त्याच जुन्या खुणा हातात घेतल्या ज्या कथागीतं गाणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या होत्या. 'लीज अँड लीफ'साठी तिनं ती गीतं गळ्यातून काढली होती. त्यांचं व्याकरण तिच्या अंगात मुरलं होतं. म्हणजे जात्यावरचीताई ज्या आडोशाबद्दल सांगतात तो इंग्लंडमध्येही मुळात बोलता न येणाऱ्या बायकांचाच असणार. सँडीला तो वारशानं मिळाला. तिनं तो स्वतःच्या, नव्या दुःखांसाठी वापरला, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि पुराच्या गाण्याबाबत मी वाशिष्ठीच्या बाजूनं.

बाणकोट खाडी

मामीशी जरूर बोल. फक्त विचारायला बसलीस तर ती काही सांगणार नाही. तिच्याबरोबर काहीतरी काम काढ. कोकमं फोडायला बस.

पेटीमास्तर

'ब्रूमस्टिक'च्या बाजूनं कुणीच काही बोललं नाही म्हणून एक माहिती जोडतो. ही सगळी मंडळी पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल ऐकत वाढली होती. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, सँडी, थॉम्पसन, फॉदरिंगेमधला ट्रेव्हर लुकास, गायिका लिंडा पीटर्स अशा सगळ्यांनी मिळून 'द बंच' या नावानं केलेला 'रॉक ऑन' हा जुन्या रॉक अँड रोल गाण्यांचा आख्खा अल्बम आला. तेव्हा हे गाणं भरती म्हणून घातलं असावं असं मला वाटत नाही. मित्रमंडळी खोलीत जमली की जे वाजवत असतील ते त्यांनी रेकॉर्डवर येऊ दिलं. एकटीच्या नावाच्या अल्बममध्ये तेवढी एक सोबत तिनं ठेवून घेतली असेल.

जैतापूर

मास्तर, हे कारण मला पटलं, आणि वाशिष्ठींचं पुराचंही. आज सकाळी 'द सी कॅप्टन'नंतर 'डाउन इन द फ्लड' वगळलं नाही, आणि त्या दोन पाण्यांचा जो फरक त्यांनी सांगितला तो स्पष्ट ऐकू आला. यापुढे दहा गाण्यांचा अल्बम ऐकेन. 'ब्रूमस्टिक' मी अजूनही वगळतो. 'द ऑप्टिमिस्ट'नंतर सरळ 'रेचेड विल्बर'ची तारवाद्यं यावीत असं माझ्या कानाला वाटतं, आणि ते बदलेल असं दिसत नाही.